आजीच्या फोनवर 'दादा' भेटला, पोरगं ११ वर्षांचं, आता काय करू?

पेठेतली_आई

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहायलोय इथं, लांबलं तर सांभाळून घ्या, डोकं ठिकाणावर नाही माझं.

आमचा पोरगा ११ वर्षांचा, सहावीत हाय. त्याला मोबाइल दिलेला नाही, त्या बाबतीत आम्ही दोघं पण लै कडक. माझा फोन माझ्याजवळ, ह्यांचा दुकानात ह्यांच्याजवळ, त्यामुळं आपलं पोरगं त्या भानगडीत नाही म्हणून आम्ही निवांत. पण घरात तिसरा फोन हाय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सासूबाईंचा. शाळेतनं आल्यावर ४ ते ७ आजी आणि नातू दोघंच घरात असतात, आजीला कीर्तन लावून दे, लाइट बिल भर, मावशीला वाढदिवसाचं काहीतरी पाठव, ही सगळी कामं हाच करतो आणि त्या बदल्यात गेम खेळायला मिळते. पेमेंटचा पिनसुद्धा ह्यालाच पाठ, आजीला नाही.

मंगळवारी आजीच्या फोनवर बँकेचे मेसेज बघितले तर ५०० गेलेत, दोन दिवसांनी परत ५००. आधी नाही नाही म्हणाला, मग रडायलाच लागला आणि एकेक सांगितलं तसं मी ओट्याजवळ खालीच बसलो.

दोनेक महिन्यांपूर्वी गेममध्ये एक 'दादा' भेटला म्हणे. फुकट डायमंड (गेममधले पैसे) दिले, आपल्या टीममध्ये घेतलं, हरला तरी कधी ओरडला नाही (हे पोरानं मला दोनदा सांगितलं, ओरडला नाही म्हणून, ते मला लै लागलं). मग आजीच्या फेसबुकवरनं मेसेंजरवर बोलणं सुरू. ह्यानं आमच्या कोल्हापुरातल्या पेठेच्या फुटबॉल टीमची जर्सी घातलेला फोटो पाठवलेला, त्यावरनं त्या माणसाला पेठ कळली, मग शाळा कुठली, मॅच बघायला कुणाबरोबर जातोस, घरात दुपारी कोण असतंय असं सगळं गोड बोलून काढून घेतलं. मग म्हणाला तालमीत जातोस का, बघू बॉडी, शर्ट काढून फोटो पाठव. ह्यानं पाठवला. त्याच्या पुढचं मागितलं ते पाठवलं नाही म्हणतोय. मग धमकी, हाच फोटो आजीच्या सगळ्या लिस्टला पाठवतो नाहीतर पैसे टाक. शेवटचा मेसेज काल आलाय, रविवारी शाहू स्टेडियमवर ये, एकटाच ये.

ह्यांचं म्हणणं फोन फोडायचा आणि विषय बंद. पोलिसात गेलो तर पोराला तिथं उभं करणार, पेठेत बोभाटा होणार, शाळेत पोरं जगू देणार नाहीत. सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. मी तर त्या माणसाला ब्लॉक करून सगळं चॅट उडवायलाच निघालोवतो, जावेनं हात धरला आणि म्हणाली थांब, आधी कुणालातरी विचार. म्हणून विचारायलोय. पोलिसात जावं का, आणि पोराशी बोलू काय? गेमचं नाव मुद्दाम टाकत नाही, टाकलं की सगळी चर्चा त्यावरच जाईल.

जुनं_खोड_७१

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. फोन काढून घ्या, आजीला बटणाचा फोन द्या, विषय संपला. ऑस्ट्रेलियानं बघा १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या पोरांना सोशल मीडियाची खातीच बंद केली. आपल्याकडं मात्र रांगणाऱ्या पोराला मोबाइल दाखवल्याशिवाय घास जात नाही. आम्ही या वयात पंचगंगेत उड्या मारत होतो, काही बिघडलं नाही.

डोंबिवलीकर

एक शंका, आयडी 'आई' आहे आणि लिहिताय 'बसलो', 'निघालो'. नक्की कोण लिहितंय?

पेठेतली_आई

आईच हाय ओ. कोल्हापुरात आम्ही बायका पण आलो गेलोच म्हणतो. त्यावर नंतर बोलू, आत्ता जरा कामाचं सांगा.

कागलचा_मास्तर

खोडसाहेब, पंचगंगेत पोहायला तुम्हाला एकट्याला सोडलं होतं का? पाठीला डबा बांधून वडील नाहीतर काका कमरेएवढ्या पाण्यात उभा असायचा, आणि तुम्ही बुडायला लागून ओरडलात तर बाहेर काढून आधी पाणी काढायचा, ओरडलास का म्हणून फटका मारत नव्हता. ह्या पोरानं दोन महिन्यांनी का होईना तोंड उघडलंय. आता फोन फोडला तर त्याच्या डोक्यात एवढंच बसणार की सांगितलं की शिक्षा होते, आणि त्या दादाचा सगळा धंदा ह्याच भीतीवर चालतो. फोटो हे निमित्त हो, खरी धमकी 'तुझ्या बापाला कळेल' ही असते.

ऑस्ट्रेलियाचं म्हणाल तर तिथं बंदी खात्यांवर आहे. इथं खातं आजीचं, आजीचं वय सत्तरच्या पुढं असणार, कुठला कायदा अडवणार तिला? फेसबुक, इन्स्टा, दोन्हींची अट १३ वर्षं पूर्ण अशीच आहे, माझ्या पाचवीच्या वर्गात हात वर करायला सांगितलं तर अर्धा वर्ग वर करतो.

ताई, बोलायचं काय म्हणता, तर आज रात्री जेवताना त्याच्या वडिलांनी एवढंच म्हणावं, तू सांगितलंस ते बरं केलंस, चूक त्या माणसाची हाय. आईनं म्हणून भागत नाही, ज्याची भीती वाटते त्यानंच म्हणायला पाहिजे. आणि लगेच शाळेबिळेत काही सांगू नका, आधी पोराला विचारा कुणाला सांगितलेलं चालेल, त्याच्या हातात काहीतरी राहू दे.

नाद_खुळा_भावा

ताई टेन्शन घेऊ नका, रविवारी स्टेडियमवर तालमीतली ५० पोरं उभी करतो, येऊ दे त्याला, परत आयुष्यात फोन हातात धरणार नाही.

बावड्याचा_वकील

भावा तुझी भावना समजते पण हे अजिबात करू नकोस. तो येणार नाही, आलाच तर तुम्ही भलत्याच कुणाला तरी धराल, आणि सोमवारी केस तुझ्यावर. तो माणूस कोल्हापुरातला आहे हेसुद्धा धरून चालू नका, जर्सी बघितली की स्टेडियमचं नाव शोधायला दोन मिनिटं लागतात. पण कोल्हापुरातला नसेलच असंही धरू नका. रविवारी पोराला मॅचला पाठवू नका, आणि पोलिसांना सगळ्यात आधी हाच मेसेज दाखवा.

आता ताईंसाठी, जरा लांब लिहितो.

चॅट उडवलं नाही हे लाख मोलाचं केलंत, जावेला माझ्याकडून एक मिसळ. आजीच्या फोनवरनं सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट काढा, तारीख वेळ दिसेल असे, त्याच्या प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा कारण नाव आणि फोटो तो कधीही बदलेल. गेममधला त्याचा आयडी पण लिहून घ्या. तोवर त्याला उत्तर द्यायचं नाही, शिवी पण नाही, आणि अजून पैसे तर मुळीच नाही. एकदा पैसे आले की त्यांना कळतं इथून निघतात.

ते दोन ५०० गेलेत ना, तोच तुमच्या हातातला सगळ्यात पक्का धागा आहे. नाव खोटं असतं, फोटो खोटा असतो, पण पैसे कुठल्यातरी खात्यात गेलेत. खातं भाड्यानं घेतलेलं असू शकतं, तरी तिथून माग लागतो. व्यवहाराचा १२ आकडी यूपीआय रेफरन्स नंबर काढा आणि १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, हजारच रुपये आहेत म्हणून लाजू नका. मुलाच्या बाबतीतली मुख्य तक्रार केंद्राच्या सायबर क्राईम पोर्टलवर करता येते, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन, तिथं महिला आणि बालकांसाठी वेगळा भाग आहे, त्यात नाव न देता पण तक्रार करता येते. पण तुमच्या केसमध्ये नाव देऊन सरळ सायबर पोलीस ठाण्यात जा असंच मी म्हणेन, कारण तो प्रत्यक्ष भेटायला बोलावतोय. जवळच्या पोलीस ठाण्यात गेलात तरी ते 'हे आमच्याकडं येत नाही' म्हणून परत पाठवू शकत नाहीत, तक्रार घ्यावी लागते.

पोराला ठाण्यात उभं करतील ही भीती काढून टाका. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, २०१२ चा आहे आणि तो मुलांनाही तितकाच लागू आहे, फक्त मुलींसाठी असतो असा लोकांचा उगाच समज. त्याच्या कलम २४ प्रमाणं जबाब पोराच्या घरी किंवा तो म्हणेल त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, उपनिरीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या नको, आणि गणवेश घालून यायचं नाही. रात्री पोराला कुठल्याही कारणानं ठाण्यात ठेवता येत नाही. नाव, शाळा, पत्ता, फोटो, काहीही छापायला किंवा दाखवायला बंदी आहे. म्हणजे बोभाटा झालाच तर तो पोलिसांकडून कमी आणि आपल्याच नातेवाइकांच्या ग्रुपवरून जास्त होतो, तेवढं आधी बंद करा.

आणि एक, पोरानं 'पुढचं' काही पाठवलेलं निघालं तर ते पुरावा म्हणून कुणाच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. भावाला नाही, मला तर नाहीच. मुलांचे तसले फोटो पुढं पाठवणं आयटी कायद्याच्या ६७ ब खाली गुन्हा आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं असलं साहित्य नुसतं जवळ बाळगण्याबद्दल पण कडक निकाल दिलाय. फोन तसाच पोलिसांच्या हातात द्या. म्हणूनच फोडू नका म्हणायलोय.

अनोळखी_हॅकर_००७

(ही कमेंट अ‍ॅडमिननं काढली आहे)

अ‍ॅडमिन

वरची कमेंट काढलीय. 'फोटो डिलीट करून देतो, व्हॉट्सअ‍ॅप करा' असला प्रकार होता. असल्या धाग्यावर हे लोक माशीसारखे येतात, आधी फी मागतात आणि मग तेच धमकी द्यायला लागतात. ताई, मेसेजमध्ये कुणी आलं तर उत्तर देऊ नका. १९३० सुद्धा थेट डायल करा, नेटवर हेल्पलाइन शोधून भलताच मोबाइल नंबर लावू नका.

इचलकरंजीची_आत्या

मी हे सांगणार नव्हते पण ताईंचं वाचून राहवलं नाही. माझ्या भाचीचं तीन वर्षांपूर्वी असंच झालं, ती तेव्हा नववीत. पहिल्यांदा तिनं स्वतः येऊन सांगितलं होतं, आमच्या भावानं काय केलं तर दोन कानाखाली दिल्या, फोन कपाटात, क्लास बंद, मैत्रिणी बंद. सहा महिन्यांनी कळलं की तो माणूस परत आलाय, मैत्रिणीच्या फोनवरनं ती त्याच्याशी बोलायची, तो सांगेल ते करायची, पैसे द्यायला आईच्या डब्यातले काढायची आणि आम्हाला कुणाला पत्ता नाही. दुसऱ्यांदा तिनं सांगितलं नाही, का सांगेल? पहिल्या वेळचं बक्षीस मिळालंवतं की. शेवटी तिच्या हातावरचे वण बघून शाळेतल्या बाईंनी मला फोन केला.

भाऊ वाईट माणूस नाही, घाबरलेला होता. पण पोरांना घाबरलेला बाप आणि चिडलेला बाप यातला फरक कळत नाही हो. आता तिचं बरं चाललंय, मध्ये वर्षभर समुपदेशकाकडं जात होती. चाइल्डलाइनचा १०९८ नंबर तेव्हा लावलेला, आम्हाला वाटायचं तो फक्त रस्त्यावरच्या पोरांसाठी असतो, तसं नाही, कुठल्याही पोरासाठी आहे आणि पोर स्वतः पण लावू शकतं. तो नंबर मास्तर तुम्ही वर्गात फळ्यावर लिहून ठेवा.

कागलचा_मास्तर

लिहितो आत्या. उद्याच.

जुनं_खोड_७१

आत्याबाईंचं वाचलं. माझा पहिला सल्ला मागं घेत नाही पूर्ण, पण 'फोडा' म्हणणारा मी नाही, 'काढून घ्या' म्हणालो होतो. असो. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचं वडगाव आहे, तिथं २०२२ पासून रोज संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि दीड तास अख्ख्या गावात टीव्ही मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला आणि बायाबापे गप्पांना. तसं काहीतरी पेठेत करायला काय हरकत आहे, मंडळांकडं स्पीकर कमी आहेत का?

पेठेतली_आई

काका भोंगा चांगलाच हाय, पण आमचा दादा दुपारी ४ ला यायचा. ७ ला मी घरात असतो.

राजारामपुरी_आयटीवाला

आजीच्या फोनबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. हे सगळं पोलिसांनी फोन बघितल्यानंतर करा, आधी काही बदलू नका.

सगळ्यात आधी आजीच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस बघा, पोराकडून क्यूआर स्कॅन करून घेऊन तो माणूस कुठूनतरी आजीचं व्हॉट्सअ‍ॅप वाचत बसला असेल तर तिथं दिसेल. मग टू स्टेप पिन, प्रोफाइल फोटो फक्त कॉन्टॅक्टना, ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं ते पण फक्त कॉन्टॅक्ट, आणि अनोळखी कॉल सायलेंट. फेसबुकवर फ्रेंडलिस्ट 'ओन्ली मी' करा कारण धमकीचं भांडवल ती लिस्टच आहे. पेमेंटचा पिन बदला आणि आजीलाच पाठ करायला लावा, पोराला 'तुला माहीत नसलेलंच बरं, तुझ्यावर आळ यायला नको' असं सांगा. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागेल असं सेटिंग असतं ते चालू करा.

गेम खेळायची असेल तर घरात जुना फोन असेल तो घ्या, त्यात पोराच्या खऱ्या जन्मतारखेचं वेगळं जीमेल उघडा आणि तुमच्या फोनवर फॅमिली लिंक (पालकांसाठीचं गूगलचं अ‍ॅप) टाका. कुठलंही अ‍ॅप घ्यायला तुमची परवानगी लागते, वेळ ठरवता येते, रात्री आपोआप लॉक होतो. पण खरं सांगू का, गेमच्या आत कोण काय बोलतंय ते फॅमिली लिंकला दिसत नाही. त्यासाठी गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हॉइस आणि चॅट बंद करावं लागतं, आणि ते पोरानं परत चालू केलं तर तुम्हाला कळणार नाही. म्हणून मी माझ्या पोराबरोबर रविवारी तासभर खेळतो, मला काही येत नाही, पहिल्या मिनिटाला मरतो, पण त्याच्या टीममध्ये कोण कोण आहे ते माहीत असतंय.

पुढंमागं इन्स्टा मागेल तेव्हा खरी जन्मतारीखच घाला, १८ च्या खालच्यांना आता टीन अकाउंट मिळतं, आपोआप प्रायव्हेट असतं आणि अनोळखी माणूस मेसेज करू शकत नाही. पोरं २००० सालातली तारीख टाकतात आणि ते सगळं वाया जातं.

अजून एक, उघड्या फोटोंचा प्रश्न असेल तर 'टेक इट डाउन' म्हणून अमेरिकेतल्या एनसीएमईसी या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची फुकट सेवा आहे. फोटो त्यांना पाठवायचा नसतो, तुमच्याच फोनवर त्याचा एक आकडी ठसा तयार होतो आणि फेसबुक इन्स्टासारख्या कंपन्या तो ठसा जुळला की फोटो काढून टाकतात. नुसत्या शर्ट काढलेल्या फोटोला ते लागू होईल असं वाटत नाही, पण दुसरं काही असेल तर उपयोगी पडेल.

नाद_खुळा_भावा

वकीलसाहेब ऐकलं तुमचं, पोरं कॅन्सल. पण ताई सोबत माणूस पाहिजे असेल ठाण्यात जायला तर सांगा, नुसता गाडी घेऊन येतो, तोंड बंद ठेवतो.

पेठेतली_आई

सगळ्यांना एकदमच लिहितो.

काल रात्री ह्यांना हा धागा वाचायला दिला. आत्यांचं वाचून गप्पच झाले. जेवताना पोराच्या ताटात स्वतःच्या ताटातला रस्स्यातला पीस टाकला आणि म्हणाले, सांगितलंस ते बरं केलंस. बाकी काही बोलायला जमलं नाही त्यांना. पोरगं मान खाली घालून जेवलं, मग झोपताना माझ्याजवळ येऊन सांगितलं की आई अजून एक फोटो हाय, तो मी सांगितला नव्हता. वकीलसाहेब, तुम्ही म्हणाला तसं कुणालाच पाठवलेला नाही, मी पण उघडून बघितला नाही.

आज सकाळी आम्ही दोघं आणि सासूबाई सायबर ठाण्यात जाऊन आलो, पोराला शाळेत सोडून. फोन त्यांनी ठेवून घेतलाय, पावती दिली. एक मॅडम होत्या, उद्या साध्या साडीत घरी येणार हायत, शेजारणींना भिशीवाल्या बाई म्हणून सांगायचं ठरलंय. १९३० ला पण लावला, नंबर मिळालाय तक्रारीचा. पैशाचं काय व्हायचं ते होऊ दे. रविवारी मॅच हाय, आम्ही कुणीच जाणार नाही, पोरगं त्यावरनं थोडं रुसलंय आणि मला ते रुसणं बघून जरा बरं वाटलं.

पिन मात्र सासूबाईंनी स्वतः ठरवणार म्हणून सांगितलंय, मला पण सांगणार नाहीत. आणि आयटीवाले दादा, एक विचारायचं राहिलं. माझ्या फोनवर सासूबाईंचं फेसबुक उघडून दिलं होतं, लिस्ट लपवायला. त्यात त्या माणसाच्या नावापुढं हिरवा ठिपका हाय. सासूबाई मघापासनं त्याच्याकडंच बघत बसल्यात आणि विचारायल्यात, आपण ह्याला बघायलोय हे त्याला दिसतंय का? दिसतंय का ओ?